मुलांच्या फुटबॉल संघात क्रीडा मानसशास्त्राचे प्रशिक्षणार्थी म्हणून काम: पहिल्या फोनपासून शेवटच्या सहीपर्यंत

मानसशास्त्रात एमए करणारी किंवा नुकतीच एमए झालेली मुलं-मुली एखाद्या क्लबला फोन करतात: "आम्हाला तुमच्या टीमबरोबर फुकट काम करायचंय." क्लब बहुतेक वेळा हो म्हणतो, फुकट कोणाला नको असतं? मग रविवारी सकाळी टर्फवर तीस पोरं मांडी घालून बसवली जातात. आत्मविश्वास, एकाग्रता, पॉझिटिव्ह थिंकिंग यावर पाऊण तास भाषण होतं, टाळ्या होतात, ग्रुप फोटो निघतो. पुढच्या रविवारी कोचचा फोन येत नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

भाषण वाईट असतं असं नाही. क्रम चुकलेला असतो. पाचव्या-सहाव्या आठवड्यात करायचं काम पहिल्या दिवशी उरकलेलं असतं, आणि त्याआधीची चार कामं, म्हणजे पर्यवेक्षक ठरवणं, कोचशी बोलणी, पालकांची संमती आणि निरीक्षण, ही राहूनच जातात. हा लेख त्या क्रमासाठी आहे.

## १. क्लबला फोन करण्याआधी

पर्यवेक्षक. तुमच्या कामाची जबाबदारी घेणारी, दर आठवड्याला तासभर बसून तुमच्या नोंदी वाचणारी आणि उलटे प्रश्न विचारणारी व्यक्ती आधी हवी. कॉलेजातल्या मॅडमनी "कर गं, चांगला अनुभव मिळेल" म्हटलं, याला पर्यवेक्षण म्हणत नाहीत. खेळाडूंबरोबर काम केलेले मानसशास्त्रज्ञ मिळाले तर उत्तम. नसतील तर जोडी जमवा: एकीकडे मुलांबरोबर काम करणारे अनुभवी समुपदेशक किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, दुसरीकडे खेळाची बाजू समजावून सांगेल असा जाणता कोच. त्यांच्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या: आठवड्याची ठरलेली वेळ, अडचणीत रात्री दहालाही लावता येईल असा नंबर, आणि तुम्ही काय करायचं *नाही* याची यादी. तिसरी गोष्ट मागायला लोक लाजतात आणि पुढे नेमकी तीच उपयोगी पडते.

ओळख. "क्रीडा मानसशास्त्र प्रशिक्षणार्थी" एवढंच लिहा. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. निदान, उपचार, थेरपी हे शब्द तुमच्या पत्रात, व्हॉट्सअ‍ॅपवर, टी-शर्टवर कुठेच नकोत. टी-शर्ट मी उगाच म्हणत नाहीये. छापून घेतात लोक.

कागद. एका पातळ फाइलमध्ये कॉलेजचं पत्र, पर्यवेक्षकांचं पत्र, ओळखपत्राची प्रत आणि पोलिसांकडची चारित्र्य पडताळणी ठेवा. पडताळणीचा अर्ज महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरून करता येतो, पण वेळ लागू शकतो. म्हणून तो सगळ्यात आधी टाका. क्लबने मागितली नाही तरी दाखवा. मुलांच्या जवळ येणाऱ्या अनोळखी माणसाकडे क्लबने हा कागद मागायलाच हवा, आणि तुम्ही न मागता दिलात की पुढच्या स्वयंसेवकाकडे तो मागायची त्यांना सवय लागते.

मुलांच्या सुरक्षिततेबद्दल दोन गोष्टी वाचून जा. एक, फिफाने २०१९ मध्ये सुरू केलेल्या 'फिफा गार्डियन्स' कार्यक्रमातलं बालसुरक्षेचं साहित्य. दुसरी, २०१२ चा पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, निदान कलम १९ आणि २१. काय आहे त्यात, ते चौथ्या टप्प्यात येईल.

> सावध: "इंटर्नशिप सर्टिफिकेट" देण्यासाठी तुमच्याकडूनच पैसे मागणाऱ्यांपासून लांब राहा. मैदान नाही, पर्यवेक्षक नाही, दोन ऑनलाइन लेक्चरं आणि सोनेरी किनारीचा कागद, असा तो मामला असतो.

## २. कुठला संघ, कुठला महिना

मुंबईत मुलांचं फुटबॉल ढोबळमानाने तीन ठिकाणी खेळलं जातं. शाळेच्या संघात शब्द चालतो तो पीटीच्या सरांचा आणि मुख्याध्यापकांचा. फी घेणाऱ्या अकादमीत मालकाचा आणि पालकांचा. ऑस्कर फाउंडेशन, मॅजिक बस यांसारख्या संस्थांमध्ये खेळ हा शिक्षणाच्या कामाचा भाग असतो; तिथे कार्यक्रम बघणाऱ्या माणसाला भेटल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तुम्ही कुठे जाताय त्यावर परवानगी कोणाची ते ठरतं. मैदानावरच्या कोचने हो म्हटलं आणि शाळेला पत्ताच नाही, अशा अवस्थेत सुरुवात करू नका.

महिना निवडताना शाळेचं वेळापत्रक समोर ठेवा. शालेय फुटबॉलची खरी धामधूम पावसाळ्यात असते: मुंबई स्कूल्स स्पोर्ट्‌स असोसिएशनचे सामने, जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या स्पर्धा, सुब्रतो कप या शाळांच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठीची निवड. त्या दिवसांत कोचला जेवायला फुरसत नसते. तुमची ओळख करून घ्यायला कुठून असणार? फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावीची मुलं गायब. एप्रिल-मेच्या उन्हाळी शिबिरात गर्दी भरपूर, पण तीच मुलं जूनमध्ये दिसतील याची खात्री नाही. माझ्या मते दिवाळीनंतरचे आठवडे सगळ्यात बरे. दुसरा पर्याय म्हणजे शाळा उघडताच, स्पर्धा सुरू व्हायच्या आत.

वयोगट एकच घ्या, आणि पहिल्यांदा १३ ते १५ मधला घ्या. दहा वर्षांखालच्या पोरांना तुमची गरज नसते, जास्त वेळ बॉल पायात मिळण्याची असते. सतरा-अठराच्या मुलांपुढे निवड, करिअर, कॉलेज प्रवेश असे प्रश्न असतात, ते पहिल्या खेपेला झेपत नाहीत.

आणि अंतर बघा. विरारला राहून कुलाब्यातला संघ घेऊ नका. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, पाऊस असो की मेगाब्लॉक, तुम्ही दिसला पाहिजेत. पोरं सगळ्यात आधी तेवढंच तपासतात: हा येतो की नाही.

> तपासा: परवानगी देणारी व्यक्ती कोण हे नावासकट सांगता येतंय? पुढचे तीन महिने तुमचे दोन वार मोकळे आहेत? एका तरी प्रश्नाचं उत्तर "बघू" असेल तर अजून फोन करू नका.

## ३. कोचशी पहिली बोलणी

हे बोलणं मैदानावर, सराव संपल्यावर, चहाच्या टपरीवर करा. प्रेझेंटेशन नेऊ नका. कोचला दोन शंका असतात: हा माझ्या कामात नाक खुपसणार का, आणि पोरांना माझ्याविरुद्ध भरवणार का. दोन्हींची उत्तरं त्याने न विचारता द्यायची.

साधारण असं बोला: "सर, पहिले चार आठवडे मी फक्त बघणार. सराव थांबवणार नाही, मुलांना बाजूला घेणार नाही. त्यानंतर तुम्हाला पटेल अशी एकच गोष्ट घेऊ, दहा मिनिटांची, तुमच्या वॉर्म-अपमध्ये. नाही पटली तर सोडून देऊ."

मग विचारा, आणि लिहून घ्या. सामन्यात कुठल्या क्षणी संघ ढेपाळतो? कोणती गोष्ट सांगून सांगून तुम्ही थकलात? सराव कसा असतो, मधली विश्रांती कधी? शेवटी हेही विचारा: याआधी कोणी मानसशास्त्राचं माणूस आलं होतं का, आणि काय झालं? या उत्तरातून तुम्हाला सगळ्यात जास्त कळेल.

आता अवघड भाग. आज ना उद्या कोच म्हणेल, "हा पोरगा मेंटली स्ट्राँग आहे का? फायनलला घेऊ का?" याचं उत्तर पहिल्याच भेटीत देऊन ठेवायचं असतं: निवडीबद्दल मी काहीही सांगणार नाही. कारण मुलांना एकदा कळलं की तुमच्याशी बोललेलं संघाच्या यादीत उतरतं, की त्या दिवसापासून तुमच्याशी फक्त शहाणपणाच्या गोष्टी बोलल्या जातील. "मला भीती वाटते" असं कोण कशाला सांगेल?

हे सगळं एका पानावर उतरवा. तुम्ही कुठल्या दिवशी येणार, कुठे उभे राहणार, कोचला काय कळवणार, काय नाही, संपणार कधी. कोचची सही, तुमची सही, एक प्रत पर्यवेक्षकांना. मराठीत किंवा हिंदीत लिहा. इंग्रजी करारावर सही करताना माणूस जपून बसतो.

> नेहमीची चूक: कोचला त्याच्या ओरडण्यावरून पहिल्याच आठवड्यात सल्ला देणं. बरोबर असलात तरी तुमचं काम तिथेच संपतं. मारहाण किंवा अपमान दिसला तर तो वेगळा विषय आहे: त्याच दिवशी पर्यवेक्षकांना फोन.

## ४. पालकांची संमती, आणि मुलाची

अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलासाठी पालकांची लेखी संमती घ्या. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मजकूर टाकून अंगठे मोजणं ही संमती नाही. फॉर्म एका पानाचा, आणि घरात जी भाषा वाचली जाते तिच्यात: मराठी, हिंदी, उर्दू, काही ठिकाणी इंग्रजी. वाचता न येणाऱ्या पालकांना सराव सुटताना दोन मिनिटं थांबवून वाचून दाखवा. कामावरून येणारे पालक मैदानावर दिसतच नसतील तर शाळेच्या पालकसभेचा दिवस पकडा.

फॉर्ममध्ये एवढं तरी असू द्या: तुम्ही शिकाऊ आहात, पर्यवेक्षक कोण, काम काय, म्हणजे खेळताना लक्ष, चुकीनंतर सावरणं, सामन्याआधीचं टेन्शन, उपचार होणार नाहीत, नकार दिला तर मुलाच्या संघातल्या जागेवर काहीही परिणाम होणार नाही, संमती कधीही मागे घेता येते.

मग मुलाला वेगळं विचारा. आईने सही केली म्हणजे मुलगा तयार आहे असं होत नाही. नाही म्हणायची वाट मोकळी ठेवा: "यायचं नसेल तर नको येऊस, तेवढा वेळ कोनभोवती ड्रिबल कर." काही मुलं खरंच ड्रिबल करतील. करू द्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांतली निम्मी आपणहून कान देत जवळ उभी असतात.

गुप्ततेची मर्यादा आधीच सांगा. "आपल्यातच राहील" असं वचन कधी देऊ नका. वाक्य पाठ करून ठेवा: "तू सांगशील ते मी कोचला किंवा घरी जाऊन सांगत नाही. पण तुला कोणी त्रास देतंय, किंवा तुझ्या जिवाला धोका आहे असं कळलं, तर मला मोठ्यांची मदत घ्यावीच लागेल. घेण्याआधी तुला सांगेन." पॉक्सोच्या कलम १९ नुसार लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा तशी शंका असली तरी विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा कलम २१ खाली शिक्षेचा गुन्हा आहे. "क्लबचं नाव खराब होईल", "आधी आपण चौकशी करू" असं कोणी म्हणालं तरी ही जबाबदारी तुमच्या अंगावरून उतरत नाही. चौकशी करायचं काम तुमचं नाही, कळवायचं आहे. मुलांच्या मदतीसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ फोनमध्ये सेव्ह करा.

नोंदी. मुलांची उत्तरं गुगल फॉर्मवर घेऊन स्वतःच्या जीमेलमध्ये ठेवू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीची अट आहे. वही वापरा. नावाऐवजी खुणा, आणि खुणांची यादी घरी कुलपात. लोकलमध्ये विसरलेली वही कोणी उघडली तरी एकही मूल ओळखू येता कामा नये. फोटो काढू नका, इन्स्टावर तर नाहीच. आणि एमएच्या प्रबंधासाठी हीच माहिती वापरायचा विचार असेल तर तो वेगळा प्रकल्प समजा: कॉलेजच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आणि पालकांची वेगळी संमती. स्वयंसेवेच्या आडून संशोधन नको.

> तपासा: फॉर्म न आलेली मुलं कोण, हे कोचला आणि तुम्हाला दोघांनाही माहीत आहे?

## ५. चार आठवडे फक्त बघा

इथेच सगळे घाई करतात, म्हणून इथे जरा थांबू या.

उभे कुठे राहता ते महत्त्वाचं. कोचच्या शेजारी उभे राहिलात तर मुलं तुम्हाला छोटा कोच समजतात. पालकांच्या घोळक्यात राहिलात तर कोणाचे तरी काका. कोपऱ्याच्या झेंड्याजवळची जागा बरी: मैदान दिसतं, बेंचही दिसतो. हातात मोबाइल नको.

काय लिहायचं? स्वभाव नाही, वागणं. "आत्मविश्वास कमी" ही नोंद निरुपयोगी आहे. त्याऐवजी पानावर तीन रकाने आखा: काय घडलं, लगेच मुलाने काय केलं, लगेच आजूबाजूच्यांनी काय केलं. उदाहरण देतो. चौदा वर्षांचा लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू आहे. त्याच्या पायातून बॉल सुटतो. तो समोरच्या संघाच्या विंगरच्या, म्हणजे कडेने धावणाऱ्या खेळाडूच्या मागे धावत नाही, आधी मान वळवून टचलाइनकडे, म्हणजे कोच उभा असतो त्या कडेच्या रेषेकडे बघतो. कोच दोन्ही हात हवेत उडवतो. मुलगा खांदे पाडून चालत मागे येतो, तोवर कडेवरून गोलसमोर क्रॉस पडलेला असतो. पुढच्या वेळी बॉल येतो तेव्हा तो न बघताच लांब मारून मोकळा होतो. ही तीन ओळींची नोंद "एकाग्रता नाही" या शेऱ्यापेक्षा किती तरी जास्त सांगते: अडचण बॉल सुटण्यात नाही, सुटल्यानंतरच्या दोन-तीन सेकंदांत आहे, आणि त्यात कोचचे हातही आहेत.

सामन्यात नजर ठेवायच्या जागा:

- चूक झाल्यानंतरचे पहिले काही सेकंद. स्वतःच्या चुकीनंतरचे वेगळे, मित्राच्या चुकीनंतरचे वेगळे.
- गोल खाल्ल्यानंतर मध्यावर बॉल ठेवेपर्यंत कोण कोणाशी बोलतं. कोणीच बोलत नसेल तर तेही लिहा.
- बेंचवरची मुलं. बारा मिनिटं उरलीत आणि अजून बोलावलं नाही, तेव्हा ती काय करतात?
- जाळीबाहेरचे पालक. मूल कुठल्या आवाजाला मान वळवतं?
- सामना संपल्यावर बूट काढतानाचा वेळ. अर्धं खरं तिथे ऐकू येतं.

कोचचं बोलणंही मोजा, पण दाखवायला नाही, समजून घ्यायला. अमेरिकेत रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी मुलांच्या संघांतल्या प्रशिक्षकांचं वागणं अशाच नोंदी करून अभ्यासलं होतं. चुकीनंतर धीर आणि "पुढच्या वेळी असं कर" हे दोन्ही मिळणं मुलांना मानवतं, हा त्या कामाचा गाभा. नुसता धीर किंवा नुसता ओरडा नव्हे.

आता मुंबईपुरती एक गोष्ट, जी पुस्तकात सापडत नाही. मनाचा प्रश्न म्हणून जे दिसतं त्यात पोटाचा, झोपेचा आणि लोकलचा वाटा बराच असतो. दुपारची शाळा सुटल्यावर वडापाव न खाता सरळ मैदानावर आलेला मुलगा शेवटच्या वीस मिनिटांत "लक्ष देत नाही". क्लास आणि होमवर्कमुळे बाराला झोपून पाचला उठलेली मुलगी "मोटिव्हेटेड नाही". उसने आणलेले, एक नंबर मोठे बूट घालून चिखलात धावणारा पोरगा "घाबरून टॅकल करत नाही". म्हणून नोंदीच्या पानावर वर चार खुणांची जागा ठेवा: काय खाल्लं, किती झोपला, कसा आला, बूट कोणाचे. यातलं एखादं कारण सापडलं तर ते कोचला किंवा क्लबला सांगा. सरावाआधी केळी ठेवायची सोय झाली तर मानसशास्त्राने काही केलं नाही असं समजू नका.

चाचण्यांबद्दल. रेनर मार्टेन्स यांची स्पर्धाचिंता मोजणारी प्रश्नावली किंवा तशाच दुसऱ्या नेटवर सापडतात. रात्री बसून स्वतः मराठीत उतरवून सकाळी पोरांकडून भरून घेऊ नका. भाषांतर तपासलेलं नाही, आकडे कोणाशी ताडायचे ते माहीत नाही, आणि बारा वर्षांच्या मुलाच्या हातात "चिंता: जास्त" असा निकाल पडतो. पर्यवेक्षकांनी सांगितल्याशिवाय एकही चाचणी नको.

> तपासा: चौथ्या आठवड्याअखेर पर्यवेक्षकांना एका वाक्यात सांगता येतंय का: "या संघात अमुक क्षणी अमुक होतं, आणि ते मी इतक्या वेळा पाहिलंय"? येत नसेल तर अजून आठवडाभर बघा.

## ६. पहिलं काम: एकच कौशल्य, दहा मिनिटं

वरच्या लेफ्ट बॅकसारखी मुलं संघात तीन-चार तरी असतातच, म्हणून सुरुवात चुकीनंतर सावरण्यापासून करणं सोपं जातं. पायऱ्या अशा.

पहिला आठवडा: निवड. वॉर्म-अप झाल्यावर उभ्याउभ्या, गोलात. विचारा, "बॉल गेल्यावर डोक्यात काय येतं?" उत्तरं बहुधा हिंदी-मराठी मिसळून येतील, शिव्याही येतील. दुरुस्त करत बसू नका. मग प्रत्येकाने तीन गोष्टी निवडायच्या: शरीराची एक छोटी हालचाल, जसं मोजे वर ओढणं किंवा हात झटकणं, एक लांब उच्छ्वास, आणि पुढच्या कामाचा एक शब्द. शब्द कामाचा हवा: "माणूस" (समोरच्या खेळाडूला धर), "आत", "मागे". "मी जिंकणार" हा शब्द नाही, घोषणा आहे. धावत्या विंगरला अडवायला तिचा उपयोग होत नाही.

दुसरा आठवडा: रोंडो. चार विरुद्ध दोन: बाहेरच्या चौघांनी आपसात पास देत मधल्या दोघांपासून बॉल राखायचा. कोचला सांगून बॉल मुद्दाम ओला किंवा जागा लहान ठेवा, म्हणजे चुका होतील. चूक झाली की हालचाल, श्वास, शब्द, आणि लगेच खेळ. तुम्ही बाहेरून काही ओरडू नका. जोडीदाराने नुसतं बघून सांगायचं: केलं की विसरला.

तिसरा आठवडा: छोटा सामना. पाच विरुद्ध पाच. नियम एक: बॉल गमावलेल्या संघाने पाच सेकंदांत तो परत घ्यायचा किंवा आपल्या जागी पोचायचं. आता वेळ कमी आहे, त्यामुळे मुलं आपली पद्धत आपणच छोटी करतात. कोणाचा श्वास गळतो, कोणाची हालचाल. गळू द्या. उरलेलं टिकतं.

चौथा आठवडा: खरा सामना. तुम्ही परत कोपऱ्यात. निरीक्षणाचाच तक्ता काढा आणि तेच मोजा: बॉल गेल्यावर किती वेळा मान टचलाइनकडे वळली, किती वेळा पाय मागे धावले. फरक दिसला तर कोचला आकडे सांगा, कौतुक नको. नाही दिसला तर तेही सांगा.

या काळात होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. डोळे मिटून, जमिनीवर बसून दहा मिनिटं दीर्घ श्वसन करायला लावणं ही पहिली. आझाद मैदानावर एकाच वेळी शेजारी क्रिकेटचे चार सामने चालू असतात. तिथे डोळे मिटून बसणं मनःशांतीचं नव्हे, डोक्याला टेंगूळ येण्याचं लक्षण आहे. दुसरी, एका महिन्यात ध्येयनिश्चिती, कल्पनाचित्रण, स्वसंवाद आणि श्वसन असं सगळं ताट वाढणं. तिसरी, कोचला न घेता करणं. शब्द कोचला माहीत असेल तर सामन्यात तो "काय करतोयस!" ऐवजी "माणूस!" ओरडू लागतो. तो बदल तुमच्या दहा मिनिटांपेक्षा मोठा.

टायब्रेकर, म्हणजे बरोबरीनंतर पेनल्टींवर निकाल, येणार असेल तर पेनल्टीचा क्रम वेगळा शिकवा. नॉर्वेचे संशोधक गेइर योर्डेट यांनी मोठ्या स्पर्धांतल्या टायब्रेकरचा अभ्यास केला, त्यात शिटी वाजताच घाईने धावणाऱ्यांचे गोल कमी झालेले दिसले. शिटी म्हणजे परवानगी, त्याच क्षणी पळत सुटायचा हुकूम नाही, हे बऱ्याच मुलांना कोणी सांगितलेलंच नसतं. क्रम: बॉल स्वतःच्या हाताने ठेवायचा, जागा ठरवायची, ठरलेली पावलं मागे, शिटी, एक श्वास, मग धाव. सराव संपताना पाय थकलेले असताना, मध्यरेषेपासून एकट्याने चालत येऊन करायला लावा. चालत येणं हाच त्यातला अवघड भाग असतो.

## ७. एकट्याशी बोलणं

दहा मिनिटांचं काम रुळलं की एखादं मूल आपणहून रेंगाळतं. इथे नियम कडक आहेत. बोलणं उघड्यावर, दिसेल पण ऐकू येणार नाही अशा अंतरावर. टचलाइनजवळचा बाक किंवा पायऱ्या. गाडीत नाही, घरी नाही, बदलायच्या खोलीत नाही, बंद ऑफिसात नाही. स्वतःहून मेसेज करू नका. मुलाने केला तर उत्तर "रविवारी मैदानावर बोलू" एवढंच, आणि पर्यवेक्षकांना कळवा. मुलींच्या संघात पुरुष प्रशिक्षणार्थी असाल तर ताई कोच किंवा मॅनेजर नजरेच्या टप्प्यात असल्याशिवाय बोलू नका. सोबत एका लोकलने जायचा प्रसंग आला तर दुसरा डबा पकडा. ओशाळवाणं वाटलं तरी.

प्रश्न सरळ विचारा: "काय झालं ते सांग", "मग?", "तेव्हा काय केलंस?" 'का' फार विचारू नका, 'का' ऐकलं की मुलांना ओरडा बसतोय असं वाटतं. पंधरा मिनिटांत संपवा. दहावी आहे म्हणून घरचे फुटबॉल बंद करतायत, हा विषय मुंबईत हमखास येतो. पालकांशी भांडायला जाऊ नका, मुलाची बाजू घेऊन तर नाहीच. मुलाबरोबर बसून आठवड्याचं वेळापत्रक आखा आणि घरी बोलायचं वाक्य त्याच्याच तोंडून ठरवून घ्या.

आणि थांबायचं कुठे, ते आधीच ठरलेलं हवं. जेवण अचानक तुटणं, वजन उतरणं, आठवडे न झोपणं, अंगावर जखमांच्या खुणा, "मी नसलो तर बरं" अशी भाषा: यातलं काहीही दिसलं की तुमचं बोलणं तिथे थांबतं आणि पर्यवेक्षकांचा फोन लागतो. जिवाच्या गोष्टीत मुलाला एकटं सोडून घरी जायचं नाही, जबाबदार मोठं माणूस येईपर्यंत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. केईएम, सायन आणि नायर या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. पालकांना "डॉक्टरांना दाखवा" असं मोघम सांगण्यापेक्षा हॉस्पिटल आणि विभाग सांगा.

> सावध: डोक्याला मार बसल्यावर मूल गोंधळलेलं, चिडलेलं, सुन्न दिसलं तर तो 'मूड' समजू नका. शंका आली की खेळाडू बाहेर, त्या दिवशी परत आत नाही, आणि डॉक्टर.

## ८. सामन्याचा दिवस

या दिवशी तुम्ही जवळजवळ काहीच करायचं नसतं. नवीन काही शिकवू नका. हाफ टाइम कोचचा आहे. तुम्ही पाण्याच्या बाटल्या द्या. हरल्यावर लगेच "यातून काय शिकलो" नको. पोरांना रडू द्या, खाऊ द्या, बूट काढू द्या. बोलायचं ते पुढच्या सरावाला. पालकांनी गेटवर गाठून "आमच्या मुलाचं मेंटल कसं आहे?" विचारलं तर "कोचना विचारा, मी शिकतोय अजून" एवढं पुरतं.

## ९. नोंदी आणि निघणं

दर सरावानंतर, ट्रेनमध्ये बसायला मिळालं तर तिथेच, पाच ओळी लिहा: काय पाहिलं, काय केलं, काय कळलं नाही. पर्यवेक्षकांपुढे शेवटची ओळ आधी वाचा.

संपण्याची तारीख मुलांना निदान तीन आठवडे आधी सांगा. परीक्षा आल्या म्हणून एक दिवस गायब होणारे ताई-दादा या मुलांनी पुष्कळ पाहिलेत. निघताना कोचला एक पान द्या: संघाबरोबर काय केलं, काय चाललं, काय चाललं नाही, वॉर्म-अपमध्ये काय पुढे ठेवता येईल. त्या पानावर एकाही मुलाचं नाव नको. ज्यांच्याशी एकट्याने बोललात त्यांना पुढे कोणाशी बोलायचं तो माणूस दाखवून द्या, शक्य असेल तर ओळख करून द्या. संमतीचे फॉर्म आणि खुणांची यादी किती काळ कोणाकडे राहणार, कधी फाडणार, ते पर्यवेक्षकांबरोबर ठरवा.

आणि तासांच्या नोंदवहीवर कोचची सही दर आठवड्याला घेत जा. शेवटी एकदम घेऊ म्हणाल, तर तोवर स्पर्धा सुरू झालेली असते आणि सर फोन उचलत नाहीत.